अमेरिकेत मुलांना घरी शिकवताना: ख्रिस्ती अभ्यासक्रम कसा निवडाल?

होमस्कूलिंग करायचं ठरलं की आठवड्याभरात सल्ल्यांचा ढीग पडतो. उपासना संपल्यावर कुणी सांगतं, "अबेकाच घ्या, आमच्या दोघांना तेच दिलं." कुणी सोनलाईट या दुसऱ्या अभ्यासक्रमाची पुस्तकं कपाटात रांगेनं लावलेली दाखवतं. कुणी म्हणतं, संगणकावरचं घ्या, डोक्याला ताप नाही. सगळे खरंच सांगत असतात, पण आपापल्या मुलाबद्दल.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती आईबाबांसाठी आहे. नगर-सोलापूरकडचे प्रोटेस्टंट असोत की वसईचे कॅथलिक, दोघांनाही यात काही ना काही सापडेल. माझं मत सुरुवातीलाच सांगते: मुखपृष्ठावरचा 'ख्रिस्ती' हा शब्द सगळ्यात शेवटी वाचायचा. आधी बघायचं शिकवणार कोण, किती तास, आणि आपलं मूल शिकतं कसं. ते कळलं की दहा नावांतली सात आपोआप गळतात. उरलेल्या तिघांची मोजकी पानं उघडून, त्यातला ख्रिस्ती विचार आपल्या घरच्या विश्वासाशी जुळतो का ते तपासायचं.

आधी आपल्या राज्याचा कायदा

होमस्कूलिंग पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, पण प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. टेक्सासमध्ये १९९४ च्या लीपर खटल्यानंतर घरची शाळा खासगी शाळाच मानली जाते. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि सुनागरिकत्व हे पाच विषय लेखी अभ्यासक्रमातून शिकवायचे, एवढीच अट. न्यू जर्सीत कुणाला कळवावंही लागत नाही. कॅलिफोर्नियात बहुतेक कुटुंबं ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात खासगी शाळेचं प्रतिज्ञापत्र भरतात.

न्यूयॉर्कमध्ये मात्र वर्षाची लेखी योजना, दर तिमाहीला अहवाल आणि वर्षाअखेर मूल्यमापन द्यावं लागतं. पहिली ते सहावीला वर्षाला ९०० तास आणि सातवीपासून ९९० तास भरावे लागतात. पेनसिल्व्हेनियात तिसरी, पाचवी आणि आठवीला प्रमाणित चाचणी आणि दरवर्षी मुलाच्या कामाची फाइल दाखवावी लागते.

अभ्यासक्रम निवडण्याशी याचा संबंध असा, की अहवाल मागणाऱ्या राज्यात दिवसवार पाठ आणि तयार चाचण्या असलेला संच कागदपत्रांचं अर्धं काम करून देतो. तिथे निव्वळ गोष्टींच्या पुस्तकांवर चालणारा अभ्यासक्रम घेतला, तर रोजची नोंद ठेवायची शिस्त आपली आपण लावावी लागते. नियम बदलत असतात, म्हणून राज्याच्या शिक्षण खात्याचं पान स्वतः वाचा. १९८३ पासून होमस्कूलिंगवाल्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एचएसएलडीए या संस्थेकडेही राज्यवार सारांश मिळतो.

घरातलं घड्याळ

बहुतेक घरांत निवड चुकते ती इथे. मूल हुशार असतं, पुस्तकंही चांगली असतात, पण शिकवणाऱ्या माणसाकडे तेवढे तास नसतात.

आपल्याकडच्या कितीतरी घरांत आई नर्स आहे. बारा तासांच्या तीन पाळ्या, त्यात एखादी रात्रीची. बाबा आयटीत, आणि रात्री भारताशी मीटिंग. दुसरीकडे व्हिसामुळे नोकरी करता न येणारी आई दिवसभर घरी आहे, पण कडेवर धाकटं आहे. या दोन घरांना एकच अभ्यासक्रम चालणार नाही, मग मुलं दोन्हीकडे सारख्याच वयाची का असेनात.

कागद घ्या आणि आठवड्याचे सात दिवस आखा. शिकवण्यासाठी खरोखर मोकळे असलेले तासच त्यात लिहा. 'जमेल तसं' असलेले लिहू नका. मग हे ताडून पाहा (या पद्धतींची नीट ओळख पुढे येईल):

पहिली-दुसरीच्या मुलाला पाठ्यपुस्तकी पद्धतीनं शिकवायचं, तर मोठ्या माणसानं रोज तीनेक तास शेजारी बसायला हवं. पुस्तिका-पद्धतीत वाचता येणारं मूल बराच वेळ एकटं काम करतं. आपण तपासायचं आणि अडलं तिथे सांगायचं. साहित्याधारित पद्धतीत रोज तास-दोन तास मोठ्यानं वाचून दाखवणं हेच मुख्य काम, त्यामुळे पाळी करून आलेल्या घशाचाही विचार करा.

मुलं दोन-तीन असतील तर हिशोब उलटतो. पाठ्यपुस्तकी संच इयत्तेनुसार वेगळा, म्हणजे तीन मुलांना तीन इतिहास आणि तीन विज्ञानं. साहित्याधारित अभ्यासक्रमात इतिहास आणि वाचन दोन-तीन वर्षांच्या अंतराच्या भावंडांना एकत्र देता येतं. गणित आणि भाषा तेवढी वेगळी. सोनलाईटच्या मार्गदर्शिकेत आठवड्याला चार दिवसांचं वेळापत्रकही मिळतं, आणि पाळीची नोकरी करणाऱ्या आईला तो पाचवा मोकळा दिवस फार उपयोगी पडतो.

दोन आठवडे मुलाकडे नीट बघा

काही विकत घेण्याआधी वाचनालयातली पुस्तकं आणि छापून घेतलेले चार कागद यांवर पंधरा दिवस काढा. 'माझं मूल बघून शिकतं की ऐकून' असले शिक्के मारायच्या भानगडीत पडू नका, त्यातून निवड करायला फारशी मदत होत नाही. हे करून बघा.

एक गोष्ट वाचून दाखवा आणि पुस्तक मिटून म्हणा, "आता तू मला सांग." एखादं मूल गोष्टीत भर घालून दहा मिनिटं बोलतं, एखादं दोन वाक्यांत आटोपतं. पहिल्याला साहित्याधारित अभ्यासक्रम मानवतो. दुसऱ्यालाही मानवू शकतो, पण त्याला वेळ लागतो.

रिकाम्या जागा भरायचं एक पान द्या. मूल स्वतःहून पूर्ण करतं का ते बघा. मग दुसऱ्या दिवशी, पान न दाखवता, त्यातलंच दोन-तीन तोंडी विचारा. कित्येक मुलं वरच्या ओळीतला शब्द खालच्या जागेत उतरवून सगळं बरोबर आणतात आणि सकाळपर्यंत सगळं विसरतात. अशा मुलाला पुस्तिका-पद्धतीत भराभर गुण मिळतील. तुम्हीही खूश व्हाल, आणि वर्षअखेरीला हातात फारसं काही उरणार नाही.

पाठांतर बघा. शब्बाथशाळेचं वचन दोन दिवसांत पाठ करून घरभर म्हणत फिरणारी मुलं असतात. तेविसावं स्तोत्र मराठीतही हौसेनं म्हणतील. त्यांना अभिजात, म्हणजे क्लासिकल पद्धत आवडते. पाठांतर म्हटलं की रडू फुटणाऱ्याला तीच पद्धत नकोशी होते.

हात किती वेळ चालतो तेही पाहा. सहा वर्षांच्या कित्येक मुलांची बोटं दहा मिनिटांत दुखायला लागतात. ज्या अभ्यासक्रमात प्रत्येक विषयाचं उत्तर लिहूनच द्यायचं असतं, तो अशा मुलाला हुशारी असूनही मागे पाडतो.

आणि संगणकावर बसवून बघा, पण शेजारी बसून. वाचतोय, की पुढचं बटण दाबत सुटलाय?

सात-आठ वर्षांचं होऊनही अक्षरं आणि आवाज जुळत नसतील, तर अभ्यासक्रम बदलत बसण्याआधी तपासणी करून घ्या. घरी शिकणाऱ्या मुलासाठीही सार्वजनिक शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे तपासणीची मागणी करता येते. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातला अडथळा निघाला, तर अक्षरं आणि आवाज टप्प्याटप्प्यानं जोडायला शिकवणाऱ्या ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीवर आधारलेला वाचन-अभ्यासक्रम लागेल. तो ख्रिस्ती आहे की नाही हा प्रश्न तिथे गौण आहे.

कोणता अभ्यासक्रम कसा चालतो

पाठ्यपुस्तकी. फ्लोरिडातल्या पेन्साकोलाचं अबेका आणि साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलचं बीजेयू प्रेस ही यातली दोन मोठी नावं. बाहेरून सारखी दिसतात, पण वर्गात बसलं की वेगळी वाटतात. अबेका म्हणजे १९५४ मध्ये हॉर्टन दांपत्यानं काढलेल्या शाळेच्या परंपरेतलं. आवाजांवरून वाचन, फ्लॅशकार्ड, वेळ लावून गणितं, वारंवार उजळणी. बालवाडीपासूनच कर्सिव्ह लेखनावर भर, छापील वळणाचा पर्यायही मिळतो. पाया पक्का होतो, वेग जास्त आहे. आपण स्वतः मराठी शाळेत पाढे आणि शुद्धलेखन घोकून मोठे झालो, म्हणून आपल्याला हे लगेच 'खरं शिक्षण' वाटतं. ते बरोबरही असेल, पण निवड आपल्या आठवणींवर करायची नाही. बीजेयू प्रेस 'का' या प्रश्नावर जास्त थांबतं, वस्तू हाताळायला देतं, आणि शिक्षकाच्या पुस्तकात भरपूर सूचना असतात. ती वाचून तयारी करायला आदल्या रात्रीचा वेळ लागतो. दोघांचेही व्हिडिओ-वर्ग मिळतात. ज्या आईबाबांना इंग्रजी उच्चारांची धास्ती वाटते त्यांनी वाचनापुरते ते जरूर बघावेत, पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला दिवसभर व्हिडिओसमोर बसवणं मला तरी पटत नाही.

पुस्तिका-पद्धत. एसीई, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन, १९७० मध्ये टेक्सासमध्ये सुरू झालं. प्रत्येक विषयाच्या वर्षाला १२ पातळ पुस्तिका, त्यांना 'पेस' म्हणतात. मूल रोजची पानं स्वतः ठरवतं, स्वतः तपासतं, आणि शेवटच्या चाचणीत ८० टक्के मिळाले तरच पुढची पुस्तिका. अल्फा ओमेगाच्या लाइफपॅकमध्ये विषयाला दहा पुस्तिका असतात, आणि त्यांचंच मोनार्क संगणकावर चालतं. मोठा फायदा वेगाचा: गणितात चौथीत आणि भाषेत तिसरीत असलेलं मूल दोन्हीकडे आपापल्या जागी राहतं. अधूनमधून शाळा सोडून आलेल्या, मध्येच तीन महिने भारतात राहून आलेल्या मुलालाही हे सोयीचं. तोटा म्हणजे वर सांगितलेली रिकाम्या जागांची सवय. एसीई घ्यायचं असेल, तर आठवड्यातून एकदा तरी मुलाला एक पानभर स्वतःचं लिहायला लावा, आणि प्रयोग वेगळे करा.

साहित्याधारित. ब्रिटिश शिक्षिका शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांच्या विचारांवर बरेच अभ्यासक्रम उभे आहेत. छोटे पाठ, चांगली पुस्तकं, वाचलेलं आपल्या शब्दांत सांगणं, बाहेर जाऊन पानं-पाखरं बघणं आणि वहीत काढणं. अ‍ॅम्बलसाइड ऑनलाइन हा याच धर्तीचा अभ्यासक्रम पूर्ण मोफत आहे. पुस्तकं वाचनालयातून आणायची. १९९० मध्ये कोलोरॅडोत सुरू झालेलं सोनलाईट याच कुळातलं, पण त्यात रोज काय वाचायचं हे आखून दिलेलं असतं. परदेशी राहणाऱ्या मिशनरी कुटुंबांसाठी ते सुरू झालं, म्हणून की काय, जगाकडे बघण्याची त्याची खिडकी जरा मोठी आहे. ज्या घरी इंग्रजी ही आईची तिसरी भाषा आहे, तिथेही हे चालतं. उलट आईचं इंग्रजी सुधारतं. जुनी ब्रिटिश पुस्तकं मात्र जड जातात, तिथे ऑडिओबुक लावावं.

अभिजात. लहानपणी पाठांतर, मग तर्क, मग वक्तृत्व, असा टप्प्यांचा क्रम आणि सोबत लॅटिन. केंटकीतली मेमोरिया प्रेस शिस्तशीर पुस्तकं देते. क्लासिकल कॉन्व्हर्सेशन्समध्ये आठवड्यातून एकदा कुटुंबं एकत्र जमतात, आणि लहान मुलांच्या वर्गात पालकानंही थांबायचं असतं. नवीन शहरात आलेल्या, ओळखी नसलेल्या कुटुंबाला या जमण्याचाच आधार होतो. पण फी, प्रवास आणि एक अख्खा दिवस जातो, हे घड्याळाच्या कागदावर मांडून बघा. लॅटिनबद्दल एक: आपल्या मुलांना संस्कृत-मराठीच्या विभक्ती कानावर असतील, तर लॅटिनची रूपं त्यांना परकी वाटत नाहीत.

कॅथलिक. व्हर्जिनियातल्या फ्रंट रॉयलची सेटन होम स्टडी स्कूल १९८० पासून आहे. तिथे नाव घातलं की पाठयोजना, चाचण्या आणि शिक्षकांची मदत मिळते. सगळ्या विषयांत कॅथलिक रंग गडद आहे. मदर ऑफ डिव्हाइन ग्रेस आणि कोल्बे अकॅडमी अभिजात वळणाच्या. पहिला ख्रिस्तप्रसाद आणि दृढीकरण यांची तयारी मात्र बहुधा आपल्या पॅरिशमध्येच करावी लागते, म्हणून पॅरिशचं धर्मशिक्षणाचं वेळापत्रक आधी विचारून घ्या.

'ख्रिस्ती' म्हणजे कोणतं ख्रिस्ती?

तीनेक नावं उरली की नमुना-पानं उघडा. बहुतेक प्रकाशक ती संकेतस्थळावर ठेवतात. वसंतात ठिकठिकाणी होमस्कूलिंगची अधिवेशनं भरतात, तिथे पुस्तकं हातात घेऊन बघता येतात. मुलाचं पुस्तक चकचकीत असतं. बघायचं ते शिक्षकाचं पुस्तक, कारण लेखकाचा सूर तिथे कळतो. त्यात ही पानं शोधा.

पहिलं, सृष्टीच्या उत्पत्तीचं. अबेका, बीजेयू प्रेस, एसीई आणि विज्ञानासाठी लोकप्रिय असलेलं अपोलोजिया, सगळ्यांची बैठक उत्पत्तीच्या पुस्तकातल्या सहा दिवसांच्या शब्दशः अर्थावर आणि काही हजार वर्षांच्या पृथ्वीवर आहे. तुमच्या मंडळीत हेच शिकवत असतील तर प्रश्न नाही. पण आपल्याकडचे कितीतरी पाळक आणि डॉक्टर-इंजिनियर विश्वासणारे असं मानत नाहीत. कॅथलिक चर्चनंही उत्क्रांतीला दार बंद केलेलं नाही: बारावे पायस यांनी १९५० मध्ये तो विषय अभ्यासाला खुला असल्याचं म्हटलं आणि दुसरे जॉन पॉल १९९६ मध्ये आणखी पुढे गेले. सोनलाईट या मुद्द्यावर तुलनेनं मोकळं आहे. तुमचं मत कोणतंही असो, पाचवीत काय शिकवणार आणि दहावीत काय, हे नवरा-बायकोनं आधीच बोलून घ्यावं.

दुसरं, मार्टिन ल्यूथरचं. प्रोटेस्टंट प्रकाशकांच्या इतिहासात ल्यूथरच्या धर्मसुधारणेआधीच्या, म्हणजे कॅथलिक चर्चबद्दलचा सूर बराच कडक असतो. वसईच्या घरातलं मूल हे वाचून जेवताना विचारणार, "म्हणजे नानांचं चर्च चुकीचं?" ज्या घरात आई एका पंथाची आणि बाबा दुसऱ्या, तिथे तर हे पान आधी वाचाच.

तिसरं पान भारताचं. या पुस्तकांत भारत बहुधा मिशनरी कार्याच्या निमित्तानं भेटतो, आणि हिंदू धर्माबद्दलची भाषा आपल्या मुलाला त्याच्या शेजाऱ्यांसमोर, चुलत-मावस नातेवाइकांसमोर अवघडून टाकेल अशी असू शकते. आपले निम्मे सोयरे हिंदू असतात. पुस्तक आवडलं असेल तर ते पान वगळून त्या जागी आपलं काही घाला. अमेरिकेशी जोडलेलं मराठी ख्रिस्ती साहित्य आणि इतिहास थोडका नाही. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालं. सिंथिया फरार १८२७ मध्ये आल्या आणि पुढे नगरला मुलींना शिकवत राहिल्या. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला फिलाडेल्फियाला आल्या, मग दोन वर्षं अमेरिकाभर व्याख्यानं देत फिरल्या. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि बायबलचं मराठीत भाषांतर केलं. फिलाडेल्फियाच्या आसपास राहत असाल, तर हा धडा सहलीसकट होतो. नारायण वामन टिळकांचे अभंग इंग्रजी भजनांच्या शेजारी ठेवले, तर मुलाला कळतं की ख्रिस्ती असण्याचा आपला सूर अमेरिकेत तयार झालेला नाही.

जमलं तर गुलामगिरीवरचं आणि अमेरिकेच्या स्थापनेवरचं पानही बघा. देशप्रेम आणि देवप्रेम किती मिसळलंय, हे तिथे दिसतं.

भाषांतरही तपासा. अबेका आणि एसीईत किंग जेम्स भाषांतरातली वचनं पाठ करायची असतात. ती इंग्रजी मुलांना जड जाते. शब्बाथशाळेत दुसरं भाषांतर वापरत असतील, तर एकच वचन दोन तऱ्हांनी पाठ करायची वेळ येते.

सगळं एकाच ठिकाणाहून नको

नवख्या पालकाला पूर्ण वर्षाचा संच घ्यायचा मोह होतो. पहिल्या वर्षी तरी टाळा. गणिताला पंथ नसतो. सॅक्सन, मॅथ-यू-सी, सिंगापूर यांतलं जे मुलाला जमेल ते घ्या. सॅक्सनमध्ये रोज थोडं नवं आणि बरीच उजळणी. मॅथ-यू-सीमध्ये ठोकळे आणि एका वेळी एकच संकल्पना. सिंगापूरमध्ये चित्रांतून शाब्दिक उदाहरणं. वाचन आणि भाषा एका प्रकाशकाची ठेवा, ती मध्येच बदलली की मूल गोंधळतं. इतिहास-विज्ञान लहान वयात वाचनालयातूनही भागतं. बायबलचा विषय वेगळा विकत घ्यायलाच हवा असं नाही. रोज सकाळी शुभवर्तमानाचा एक उतारा इंग्रजीत, तोच मराठीत, आणि त्यावर गप्पा. कॅथलिक घरांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल मुलांनाही समजतं.

इयत्ता वयावरून ठरवू नका

एसीई, सॅक्सन, मॅथ-यू-सी, सगळ्यांच्या प्रवेश-चाचण्या मोफत मिळतात. त्या कोऱ्या कागदावर, मदत न करता घ्या. एका प्रकाशकाची तिसरी दुसऱ्याच्या चौथीइतकी असते, आणि सुरुवातीच्या इयत्तांत अबेका पुढे पळतं. निकाल एक इयत्ता खाली आला तर मान खाली घालायचं कारण नाही. पुस्तकावरचा आकडा मुलाला खटकत असेल, तर त्यावर स्टिकर लावा.

पैशांचं थोडक्यात: पूर्ण संच काही शे डॉलरपासून हजाराच्या पुढे जातो, व्हिडिओ घेतले तर आणखी. जुनी पुस्तकं घ्या, पण कार्यपुस्तिका कोऱ्या आहेत का आणि आवृत्ती शिक्षकाच्या पुस्तकाशी जुळते का, हे विचारा. अ‍ॅरिझोनासारख्या काही राज्यांत मुलाच्या शिक्षणासाठीच्या वेगळ्या खात्यात (ईएसए) सरकारी पैसे मिळतात. त्यासाठी कायद्यानं 'होमस्कूलर' हा दर्जा सोडावा लागतो का, ते सही करण्याआधी वाचा.

सहा आठवडे चालवून बघा

सुरुवातीचे पंधरा दिवस सगळ्यांनाच जड जातात, त्यावरून काही ठरवू नका. सहाव्या आठवड्यात बघा: ठरलेल्या वेळेच्या दीडपटीपेक्षा जास्त वेळ रोज लागतोय का? मूल काल शिकलेलं आज कुणाला तरी आपणहून सांगतंय का? तुम्ही पुस्तक उघडताना वैतागताय का? शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. शिकवणाऱ्याला कंटाळा आला की अभ्यासक्रम कितीही चांगला असला तरी फेब्रुवारीत गाडी थांबते. एकाच विषयात अडत असेल तर तेवढाच बदला. सगळंच अडत असेल, तर आधी झोपेची आणि जेवणाची वेळ बघा, मग पुस्तकं.

आठवीनंतरची गणितं वेगळी

इथून पुढे कॉलेज डोळ्यासमोर ठेवावं लागतं. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका ख्रिस्ती शाळेनं आणि ख्रिस्ती शाळांच्या संघटनेनं कॅलिफोर्निया विद्यापीठावर खटला भरला, कारण अबेका आणि बीजेयू प्रेसच्या काही पुस्तकांवर बेतलेले अभ्यासक्रम प्रवेशाच्या अटीत धरायला विद्यापीठानं नकार दिला होता. २००८ मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूनं लागला आणि २०१० मध्ये वरच्या न्यायालयानं तो कायम केला. म्हणजे ही पुस्तकं वापरणाऱ्यांना कुठेच प्रवेश मिळत नाही असं मुळीच नाही. पण जीवशास्त्रात पुढे जायचं असेल, तर एपी या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षेत उत्क्रांती येते आणि ती नीट शिकवावी लागते, विश्वास काहीही असो. प्रयोगशाळेसाठी अकरावी-बारावीत कम्युनिटी कॉलेजमध्ये एक विषय घेणं हा चांगला मार्ग. तिथले गुण सहसा कुणी नाकारत नाही. नववीपासून प्रत्येक विषयाचं नाव, पुस्तकं, तास आणि गुण एका कागदावर लिहीत जा, त्याचंच पुढे ट्रान्सक्रिप्ट होतं. कॉलेज-प्रवेशाच्या एसएटी किंवा एसीटी परीक्षेचे गुण घरच्या ट्रान्सक्रिप्टला वजन देतात.

आणि भारतात परतायची शक्यता असेल तर? गावाकडून फोनवर आजी विचारतच असते, "अगं, पण पोराच्या दहावीचं काय?" प्रश्न रास्त आहे. घरी दिलेल्या डिप्लोमाच्या भरवशावर भारतीय विद्यापीठात जाता येईल असं धरून चालू नका. परदेशी शिक्षणाची समकक्षता तिथे तपासली जाते (आधी हे काम भारतीय विद्यापीठ संघ करायचा, २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं त्याचे नवे नियम आणले), म्हणून परतायचं असेल तर नववीपासून मान्यताप्राप्त संस्थेत नाव घाला. दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. वयाच्या १४ व्या वर्षापासून दहावीला बसता येतं. केंब्रिजची परीक्षाही खासगीरीत्या देता येते.

दहावीच्या आधीच भारतात परतणार असाल तर गणिताकडे लक्ष द्या. अमेरिकेत बीजगणित एक वर्ष आणि भूमिती दुसऱ्या वर्षी, भारतात दोन्ही दरवर्षी सोबत. एनसीईआरटीची पुस्तकं मोफत उतरवून घ्या आणि सातवी-आठवीचे भूमितीचे धडे सुट्टीत करून टाका. शिवाय महाराष्ट्रात सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला आहे. म्हणून आठवड्याच्या त्या कागदावर, तिसरीपासूनच, रोजची वीस मिनिटं मराठी वाचनासाठी राखा आणि त्यातली दहा लिहिण्याला द्या. बोलणं घरात होतंच, पण जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ हाताला बसायला वर्षं लागतात.